कोल्हापूर ते भाट्ये: एका लॅब्रेडॉरची समुद्रसहल, कुठे बिघडली आणि कशी सावरली

हे प्रकरण बेतलेलं आहे. कोल्हापुरातून कुत्र्याला घेऊन कोकणात उतरणाऱ्यांच्या ज्या चुका पुन्हा पुन्हा होतात, त्या इथे एकाच कुटुंबावर आणि एकाच कुत्र्यावर आणून बसवल्या आहेत.

कुटुंब राजारामपुरीतलं: नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. कुत्रा ब्रुनो, लॅब्रेडॉर, वय पाच, वजन ३१ किलो. दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला तीन रात्री राहायचं ठरलं. ब्रुनो पाण्याला सरावलेला. दर रविवारी करवीर तालुक्यातल्या मळ्यावर जायचं, पाटात उडी मारायची आणि पोहता पोहता तिथलंच पाणी लपालपा प्यायचं, हा त्याचा नेम. घरच्यांना हीच जमेची बाजू वाटत होती. पुढे बिघडलं ते नेमकं इथंच. देशावरच्या कुत्र्याच्या लेखी पाणी म्हणजे प्यायचं. जे पिता येत नाही असं पाणी त्याने जन्मात पाहिलेलं नसतं.

निघण्याआधीची तयारी

ही बाजू त्यांनी चांगली सांभाळली होती. पाच आठवडे आधी डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा रेबीजची लस चालू मुदतीतली निघाली, पण लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) यावरची मात्रा असलेली एकत्रित लस घेऊन चौदा महिने झाले होते. पावसाळ्यानंतर कोकणात शेत, ओहोळ, डबकं असं सगळीकडे पाणी साठलेलं असतं आणि लेप्टोचे जंतू उंदरांच्या लघवीतून अशाच पाण्यात उतरतात. ही लस वर्षाला द्यावी लागते. मुदत टळून गेली असेल तर डॉक्टर बहुतेक वेळा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस पुन्हा द्यायला सांगतात. निघायच्या आदल्या दिवशी टोचलेली सुई त्या सहलीत काही कामाची नसते. पाच आठवडे हातात ठेवायचे ते यासाठी.

गोचिडांसाठी चघळायची गोळी आठवडाभर आधी दिली. गाडी लागू नये म्हणून डॉक्टरांनी मॅरोपिटंट लिहून दिलं आणि ते निघण्याच्या दोन तास आधी द्यायला सांगितलं. आपल्यासाठी आणलेली उलटीची किंवा तापाची गोळी अंदाजाने अर्धी करून कुत्र्याला देऊ नये. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन या दोन्हींनी कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड, पोट बिघडतं.

मागच्या सीटवर ताडपत्रीची झोळी बांधली आणि छातीपट्टा सीटबेल्टच्या खाचेत अडकवला. गळ्यातला पट्टा मात्र चामड्याचाच राहिला, कोल्हापुरी कातड्याचा, देखणा. खाऱ्या पाण्यात भिजून वाळलं की कातडं कडक होतं, आवळतं आणि मानेला घासतं. समुद्रावर नायलॉनचाच पट्टा हवा, आणि कडी स्टीलची. लोखंडी कडीला चार दिवसांत गंज धरतो.

फोनवर न विचारलेली गोष्ट

राहायची जागा फोनवरच ठरली.

"आमच्याबरोबर कुत्रा आहे, चालेल ना?"

"चालेल की. घेऊन या बिनधास्त."

संवाद इथेच संपला. कोकणातल्या घरगुती निवासात या "चालेल"चा अर्थ बऱ्याचदा "अंगणात बांधा, चालेल" असा असतो. मालक खोटं बोलत नसतो. त्याच्या घरचा कुत्राही अंगणातच असतो, त्यामुळे दुसरं काही त्याच्या मनातच येत नाही. म्हणून थेट विचारायचं: खोलीच्या आत, आमच्याबरोबर झोपला तर चालेल का? खोली तळमजल्यावर आहे का? तुमचा कुत्रा मोकळा असतो का? आवारात विहीर आहे का, तिला कठडा आहे का? बांधायची जागा माडाखाली तर नाही ना? हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. वरून नारळ पडला किंवा वाळलेली झावळी पडली, तर खाली साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळायला जागा नसते.

या सगळ्यांपेक्षा मोठा प्रश्न मात्र साधा होता आणि तोच राहून गेला: खोली किती वाजता मिळेल? ब्रुनोची प्रकृती समुद्रावर बिघडली हे खरं, पण तिची सुरुवात या फोनमध्ये झाली.

घाट

गाडी पहाटे पाचला निघाली. वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, आंबा, मग घाट उतरून साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा आणि रत्नागिरी. सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आतबाहेरचा हा रस्ता पहाटे निघाल्यास चार तासांत आरामात होतो. उन्हं चढायच्या आत पोचावं हा हेतू बरोबरच होता.

रात्री नऊनंतर ब्रुनोला खायला दिलं नव्हतं. गोळी तीनला दिली, जराशा भाताच्या घासात घालून, कारण ती अगदी रिकाम्या पोटी दिली तर कधीकधी तिनेच उलटी होते. पाणी जपून: मलकापूरला वाटीभर, आंब्याला वाटीभर, मिळून तीनशे मिलीलीटरच्या आत. ३१ किलोच्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे पन्नास ते साठ मिलीलीटर, म्हणजे दीड ते पावणेदोन लिटर पाणी लागतं, आणि धापत असेल तर त्याहून जास्त. घाटात उलटी नको म्हणून हात आखडला गेला. तसं करण्यात चूक नव्हती, फक्त खाली उतरल्यावर ती उधारी चुकती करायला हवी होती.

आंब्याला थांबताना एक पथ्य पाळायचं: कुत्रा दोरीशिवाय गाडीबाहेर काढायचा नाही. माकडं आपल्या हातातल्या खाऊवर डोळा ठेवून कठड्यावर बसलेली असतात. कुत्रा त्यांच्यामागे धावला तर कठड्यापलीकडे दरी आहे. पहाटे किंवा अंधार पडल्यावर झाडीच्या कडेला तर मुळीच सोडू नये. हा बिबट्याचा मुलूख आहे आणि कुत्रा हे त्याचं आवडतं भक्ष्य.

घाटात ब्रुनोला जांभया आल्या, ओठ चाटणं सुरू झालं, मग लाळ गळायला लागली. कुत्र्याला गाडी लागल्याच्या खुणा साधारण याच क्रमाने येतात. जांभई दिसली की तिथेच गाडीचा वेग कमी करावा, जमल्यास थांबावं. इथे लाळ दिसेपर्यंत कुणाचं लक्ष गेलं नाही. साखरप्यापाशी पिवळ्या पित्ताची एक उलटी झाली आणि मग तो निवांत झोपला. गोळी नसती तर तीन-चार झाल्या असत्या.

पावणेदहा ते पावणेअकरा

सव्वानऊला सगळे रत्नागिरीत. खोली बाराला मिळणार होती. पावणेतीन तास, गाडीत ३१ किलोचा कुत्रा, आजींना बसायला जागा नाही, मुलांना समुद्र दिसायला लागलेला. हॉटेलात कुत्र्याला घेत नाहीत, आणि गाडीत ठेवून जेवायला जावं तर बाहेर तीस अंश असताना बंद गाडी दहा मिनिटांत चाळिशी गाठते. समुद्रावर जाण्यावाचून दुसरा मार्ग त्यांना दिसला नाही. कुणालाही दिसला नसता.

रत्नागिरीतले किनारे एकमेकांसारखे नाहीत. मांडवीची वाळू काळी, ती लवकर तापते आणि जेटीपाशी खाऊच्या गाड्या, माणसं, भटके कुत्रे यांची गर्दी असते. मिऱ्याच्या बाजूचा पांढरा समुद्र वेगळा. मिरकरवाडा हे मासेमारी बंदर, तिथे कुत्र्याला न्यायचंच नाही. त्यामानाने भाट्ये बरं: लांबलचक किनारा आणि मागे सुरूचं बन, त्यामुळे सावली हाताशी. जागेची निवड चुकली नव्हती. चुकली ती वेळ.

उतरताना ब्रुनोची अवस्था अशी होती: पोट बारा तासांहून जास्त रिकामं, एक उलटी झालेली, सकाळपासून जेमतेम तीनशे मिलीलीटर पाणी. शिवाय दिवाळीच्या सुमारास कोल्हापुरात पहाटे शाल लागते, तर रत्नागिरीत दहा वाजता अंगाला घाम चिकटतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापतो, जीभ आणि श्वासनलिकेतल्या ओलाव्याची वाफ होते आणि त्यातून अंग निवतं. हवा दमट असली की ती वाफ नीट होत नाही. मग तो जास्त धापतो, जास्त पाणी गमावतो आणि निवत मात्र नाही. पठारावरच्या कोरड्या हवेत वाढलेल्या, वजनदार कुत्र्याला हा फरक पहिल्या दिवशी फार जड जातो.

अशा तहानलेल्या कुत्र्यापुढे अख्खा समुद्र आला. वर मुलांनी टेनिसचा चेंडू काढला.

टेनिसचा चेंडू समुद्रावर का नको, हे नीट समजून घेतलं पाहिजे. तो तोंडात धरायला जबडा चांगला उघडावा लागतो, म्हणजे दर वेळी लाटेतलं पाणी आत जातं. त्याची लोकर पाणी शोषते आणि कुत्रा तो चावत चावत परत येतो, म्हणजे ते पाणी पिळून पोटात. वाळूत पडला की लोकरीला वाळू चिकटते, तीही पोटात. बरीच वाळू गेली तर ती आतड्यात साचून बसते. मग उलट्या, फुगलेलं दुखरं पोट, शी बंद. अशा वेळी एक्स-रे काढावाच लागतो. मुलांनी चाळीस मिनिटांत चेंडू पंचवीस-तीस वेळा पाण्यात फेकला. मधल्या वेळी ब्रुनो पाटात करायचा तेच करत होता, पोहता पोहता पीत होता. आजींनी "अरे, खारं पाणी पितोय तो" असं दोनदा म्हटलं. "एकदा चव कळली की नाही पिणार" हे उत्तर मिळालं. चव कळते, पण तहान मोठी असते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं. किलोमागे दोन-तीन ग्रॅम मीठ पोटात गेलं की कुत्र्यात विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. ब्रुनोच्या वजनाला हा हिशेब ६२ ग्रॅमपासून सुरू होतो, म्हणजे पावणेदोन लिटर समुद्र. तेवढं तो प्यायला नव्हता. पण पोट बिघडायला त्याचा लहानसा हिस्साही पुरतो. खारट पाणी आतड्यात उतरलं की ते अंगातलं पाणी आतड्याकडे ओढून घेतं. पाण्यासारखे जुलाब होतात, तहान वाढते आणि कुत्रा पुन्हा समोरचंच पाणी पितो.

त्यानंतरचा तास

पावणेअकराला पहिली उलटी झाली, नुसतं पाणी आणि वाळू. वीस मिनिटांनी पातळ जुलाब. मग घाईघाईत दोन गोष्टी घडल्या.

पहिली म्हणजे भांडं भरून गोडं पाणी पुढे ठेवलं गेलं. ब्रुनोने लिटरभर एका दमात ढोसलं आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर काढलं. चिडलेल्या पोटात एकदम पाणी टिकत नाही. मीठ खरंच जास्त गेलेलं असेल, तर भराभर पाजलेलं साधं पाणी मेंदूला सूज आणू शकतं. हा धोका प्रकृती बिघडून बरेच तास उलटले असतील तर फार मोठा. पाणी द्यायचंच, पण थोडं थोडं.

दुसरी गोष्ट घडता घडता राहिली. जवळच्या टपरीवरून कुणीतरी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी करून आणलं. माणसाला जुलाब झाले की आपला हात आपोआप त्याकडेच जातो. इथे दुखणंच मिठाचं होतं, त्यात आणखी मूठभर मीठ. "मिठाचं पाणी पाजून सगळं बाहेर काढा" हा सल्लाही अशा वेळी कुणी ना कुणी देतोच. तो कधीच ऐकायचा नाही.

सुदैवाने रत्नागिरीतल्या दोन पशुवैद्यांचे नंबर आईने निघण्यापूर्वी फोनमध्ये घालून ठेवले होते आणि सुट्टीच्या दिवशीची वेळही विचारून घेतली होती. डॉक्टरांनी फोनवरून सांगितलं ते असं: सावलीत न्या. अंगावर गोडं पाणी ओता, विशेषतः पोट, जांघा आणि पंजे, आणि वारा घाला. बर्फ नको, ओला टॉवेल पांघरून ठेवणं नको, त्याने उष्णता आतच कोंडते. पाणी दर पंधरा मिनिटांनी शंभर मिलीलीटर, त्याहून जास्त नाही. गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप बघा. हिरडी बोटाने दाबा: पांढरा झालेला भाग दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे.

ताप १०३.३ निघाला. कुत्र्याचा नेहमीचा ताप १०१ ते १०२.५ असतो, म्हणजे हा चढलेला होता, पण धोक्याचा नव्हता. १०४ च्या वर गेला की थांबायचं नाही, पाणी ओतत ओतत गाडीत घालून निघायचं. १०६ ला जिवावर बेततं. ताप कितीही असो, चाल लडखडली, अंग थरथरलं, झटका आला, ओळख देईना किंवा जुलाबात रक्त दिसलं, तर घरगुती उपचारांचा वेळ संपला असं समजावं.

ब्रुनोला यातलं काही नव्हतं, तरी साडेबाराला दवाखान्यात नेलं. उलटी थांबवायचं इंजेक्शन मिळालं. पहाटे दिलेल्या मॅरोपिटंटची वेळ आणि मात्रा डॉक्टरांना सांगितली गेली, हे बरं झालं, नाहीतर तेच औषध दुप्पट गेलं असतं. पोट चाचपून वाळूचा गोळा लागत नाही याची खात्री केली. संध्याकाळपर्यंत दोनदा जुलाब झाले, उलटी नाही. रात्री आठला पहिलं खाणं: दोन भाग मऊ भात, एक भाग उकडलेलं कोंबडीचं मांस, मीठ-हळद काही नाही, नेहमीच्या जेवणाच्या चौथाईएवढं. दुसऱ्या दिवशी हेच चार वेळा विभागून.

उरलेले दोन दिवस

तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रुनो पुन्हा भाट्याला गेला. कोल्हापूरला परतावं असं आजींचं म्हणणं होतं, पण त्याची गरज नव्हती. दिवस नव्याने आखणं तेवढं गरजेचं होतं.

सहाला मूठभर खाणं आणि तीनशे मिलीलीटर गोडं पाणी. साडेसहा ते आठ समुद्र. दर दहा-बारा मिनिटांनी पाण्यातून बाहेर, सुरूच्या सावलीत शंभर-दीडशे मिलीलीटर पाणी आणि दोन-तीन मिनिटं बसणं. चेंडूऐवजी तरंगणारी रबरी कडी, जी दातांच्या टोकाने उचलता येते. सहा मीटर लांब दोरी छातीपट्ट्याला. वाळू किती तापली ते हाताच्या मागच्या बाजूने बघायचं: सात सेकंद हात टेकवता आला नाही, तर पंजेही टेकवायचे नाहीत. आठनंतर समुद्र बंद, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

भरती-ओहोटीची वेळ मासेमारांना विचारून घेतली. रोज दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि आजची वेळ उद्या साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. भाट्याला काजळी नदीची खाडी मिळते आणि ओहोटीला तिच्या मुखाशी पाणी समुद्राकडे जोरात ओढतं. पट्टीचा पोहणारा कुत्राही या ओढीपुढे टिकत नाही, म्हणून मुखापासून लांबच राहायचं. खडक उघडे पडले की त्यांवरची कालवं पंज्यांना ब्लेडसारखी कापतात.

किनाऱ्यावर पडलेलं तोंडात घ्यायचं नाही, ही शिस्त घरूनच शिकवून आणावी लागते. जाळ्यातून टाकून दिलेला केंड मासा विषारी असतो, मेल्यावरही. शिंगाळ्याचा काटा जिभेत रुतला की सहज निघत नाही. गळ अडकला तर ओढायचा नाही, दोरा कापून थेट दवाखाना गाठायचा. आणि सुकी मासळी! ब्रुनोला पाहून निवासाच्या मालकीणबाईंनी मायेने खारवलेला बांगडा पुढे केला होता. मिठाने आजारी पडलेल्या कुत्र्याला. त्यांना नको म्हणणं सगळ्यांना अवघड गेलं, पण आईने हात जोडून नको म्हटलं.

परत आल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ लगेच, कारण अंगावर वाळलेलं मीठ कुत्रा चाटून पुन्हा पोटात घालतो. लॅब्रेडॉरचे कान लोंबते, आत ओल राहिली की चार दिवसांत वास, खाज आणि बुरशी. सुक्या कापसाने बोट पोचेल तेवढंच पुसायचं, काडी घालायची नाही. बोटांमधली वाळूही काढायची.

दुपारी ब्रुनो पंख्याखाली झोपायचा आणि एक मोठं माणूस त्याच्यापाशी थांबायचं. बाकीचे थिबा राजवाडा, रत्नदुर्ग करून आले, मग पाळी बदलली. अनोळखी खोलीत एकट्या ठेवलेल्या कुत्र्याने दार कुरतडल्याची भरपाई मालक मागतो, आणि ते रास्तच आहे. रात्री लघवीला नेताना विजेरी हवीच. रत्नागिरीच्या जांभ्या कातळात फुरसं भरपूर. दगडांच्या गडग्याशी नाक खुपसायला द्यायचं नाही. संध्याकाळनंतर किनाऱ्यावर कुत्रा मोकळा सोडू नये, त्याला आणखी एक कारण आहे: नोव्हेंबरपासून रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येऊ लागतात आणि वास लागला की कुत्रा घरटं उकरतो.

वेळापत्रक कसं हवं होतं

या कुटुंबाची प्रत्येक खबरदारी सुटी पाहिली तर योग्यच होती: लवकर निघणं, पोट रिकामं ठेवणं, पाणी बेतानं देणं. तिन्ही एकत्र आल्या आणि वर खोली उशिरा मिळाली, म्हणून एक उपाशी, तहानलेला, तापलेला कुत्रा भर उन्हात खाऱ्या पाण्यापाशी पोचला.

यावर दोन तोडगे आहेत. एक, निवासवाल्याशी बोलून सकाळी नऊलाच खोली घ्यायची, अर्ध्या दिवसाचं भाडं जास्त पडलं तरी. दोन, दुपारी दोनला निघून संध्याकाळी सहाच्या सुमारास पोचायचं. यात घाट दिवसाउजेडी उतरतो, एसी लावावा लागतो, पण खोली तयार असते. आमच्या मते आजारी, म्हातारा किंवा चपट्या नाकाचा कुत्रा असेल तर पहिलाच. पग किंवा बुलडॉग धापूनही नीट निवत नाहीत, त्यांना दुपारी प्रवासाला काढूच नये. काहीही निवडलं तरी पोचल्यावर पहिला तास खोलीचा: पाणी थोडं थोडं करून अर्धा लिटर, मूठभर खाणं, झोप. समुद्र दुसऱ्या दिवशी सकाळी.

कोल्हापूरला परतल्यावर आठवडाभर रोज कान, काखा, बोटांच्या बेचक्या चाचपून गोचीड शोधले. दोन सापडले, दोन्ही गोळीने मेलेले. गोचिडतापाची लक्षणं चावल्यानंतर आठ ते वीस दिवसांनी दिसतात, म्हणून तीन आठवडे भूक आणि ताप यांवर लक्ष ठेवलं. बाराव्या दिवशी ब्रुनोने सकाळचं जेवण टाकलं, तेव्हा वाट न बघता रक्त तपासलं. प्लेटलेट व्यवस्थित होत्या. आदल्या रात्री धाकट्याने त्याला चार करंज्या चारल्या होत्या, हे दुपारी कळलं.